अनुभवाचा दाखला

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुठल्या शाळेत एक तास घेतला नव्हता. तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत, जसं शिंप्याला म्हणतात तसं. त्यांचा धंदा दात बनवण्याचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घ्यायचे, ते डबीत घालून मास्तरांकडे पाठवायचे आणि मास्तर त्यावरून कुणाची अख्खी कवळी, तर कुणाच्या मोडक्या दातावरची कॅप बनवून द्यायचे. जागा म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. पहिलीत प्लास्टर, मेण, पाण्याची टाकी आणि कितीही पुसली तरी पांढरीच राहणारी फरशी. दुसरीत खिडकीला लागून दोन टेबलं, दोन दिवे आणि पावाच्या डब्याएवढी एक भट्टी. पावडर पाण्यात कालवायची, ब्रशने थरावर थर चढवायचे, भाजायचं, की झाला दात. सांगायला सोपं. पण पुढचा दात हा तोंडातला सगळ्यात मोठा चहाडखोर, असं मास्तर म्हणायचे. छटा केसभर चुकली की समोर येईल त्याला सांगत सुटतो, की मी खोटा आहे म्हणून.

दुसऱ्या टेबलावर मुंगी बसायची. अठराव्या वर्षी ती प्लास्टरच्या वाट्या धुवायला म्हणून आली. मान वर न करता दिवसभर एकेक कण उचलावा तसं काम करायची, म्हणून मास्तरांनीच तिला हे नाव ठेवलं. आता ती चौतिशीला आली होती. घरी आई आणि ती, दोघीच. थोरली बहीण लग्न होऊन दुसऱ्या शहरात. सोळा वर्षांत मुंगीने मास्तरांना उलट उत्तर दिलं असेल ते एकदा किंवा दोनदा, आणि तेही प्लास्टर किती घट्ट कालवायचं यावरून.

एका मंगळवारी दुपारी भट्टी निवायला ठेवून दोघं बसली होती. तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, मला परदेशात नोकरी मिळालीय. दातांच्याच लॅबमध्ये. व्हिसा झाला तर जाईन म्हणते."

मास्तरांनी आधी भट्टीवरचे आकडे पाहिले. ते खाली उतरत होते. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून चाललंय. दोन वर्षांपासून, ती म्हणाली. सकाळी कामावर यायच्या आधी ती तिथली भाषा शिकायच्या वर्गाला जात होती. मास्तरांना वाटायचं, बस उशिरा येते म्हणून ही हल्ली दहाच्या ठोक्याला पोचते. तिने आपल्या कामाचे फोटो पाठवले, तिकडून उत्तर आलं, मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक दात करून दाखवायला सांगितला. तो तिने एका रविवारी इथेच, याच टेबलावर बसून केला. किल्ली तिच्याकडे असायचीच.

"तुमची पावडर वापरली होती," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तेवढी आणून ठेवली."

मास्तरांना ते खरं वाटलं, आणि का कोण जाणे, पावडर परत आणून ठेवल्याचंच त्यांना जास्त लागलं.

मुंगीने सगळं नीट समजावून सांगितलं. चार-सहा महिन्यांचा नव्हे, लांब मुदतीचा, कामाचा व्हिसा होता. पासपोर्ट झाला होता, दवाखान्यातली तपासणी झाली होती, पोलिसांचा दाखला हातात होता. राहिला होता एकच कागद. सिरॅमिकचं, म्हणजे भट्टीत भाजायच्या दातांचं काम स्वतंत्रपणे केल्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असल्याचं मालकाने लिहून द्यायचं होतं.

"देतो की लिहून," मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं."

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. पोरीचं भलं झालं, म्हणाली, आणि दोन-चार शेंगांनंतर सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "आणि तुमचं कसं होणार?"

"माझं काय व्हायचंय?" मास्तर म्हणाले.

बायकोने उठून चहा आणला. गेली काही वर्षं ती त्यांचा कप अर्धाच भरायची आणि संपला की पुन्हा अर्धा. त्याबद्दल दोघं कधी एक अक्षर बोलले नव्हते.

गोष्ट अशी होती की मास्तरांचा उजवा हात थरथरायचा. सहा वर्षांपूर्वी एका समोरच्या दाताची कड भाजताना बिघडली, तेव्हा त्यांनी ब्रशला दोष दिला. नवा ब्रश आणला. दुसऱ्यांदा बिघडली तेव्हा पावडरला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा ते काहीच न बोलता जेवायला निघून गेले, आणि परत आले तर तो दात टेबलावर तयार होता. कड अशी की खऱ्या दाताने लाजावं. मुंगी आपल्या टेबलावर मान खाली घालून दुसरंच काहीतरी घासत होती. मास्तरांनी दात उचलला, उजेडात धरला, डबीत घातला आणि डबीबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर नेहमीसारखी सही केली. त्या दिवसापासून सिरॅमिकचं सगळं काम मुंगी करू लागली आणि सही मास्तर करू लागले. डॉक्टर मंडळी फोन करून सांगायची, मास्तर, तुमचा हात म्हणजे हात आहे. मास्तर म्हणायचे, चाललंय आपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखला लिहिला. चारच ओळी. सदर व्यक्ती गेली सोळा वर्षे आमच्या प्रयोगशाळेत कामास असून दातांच्या कामात तिचे साहाय्य होते. वर्तणूक समाधानकारक आहे. खाली सही, शिक्का. मुंगीने कागद उभ्या-उभ्या वाचला. वाचायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त वेळ ती उभी राहिली. मग तिने तो प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातला, बरं म्हणाली आणि टेबलावर जाऊन बसली.

स्वतःची समजूत घालण्यात माणूस हुशार असतो. खोटं तर काहीच लिहिलं नाही, ते मनात म्हणाले. साहाय्य होतंच.

दोन आठवड्यांनी व्हिसा कार्यालयाचं पत्र आलं. मुंगीने ते मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. अर्ज फेटाळलेला नव्हता, पण अडला होता. दाखल्यावरून स्वतंत्र काम सिद्ध होत नाही. शिवाय कामगार नोंदणीच्या यादीत सोळाही वर्षं अर्जदाराचं पद 'मदतनीस' असं आहे. तरी एकवीस दिवसांत मालकाने सविस्तर खुलासा करावा, आणि ज्यांना हे काम पुरवलं जातं अशा एखाद्या डॉक्टरचं पत्र सोबत जोडावं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. यादी ते दर वर्षी भरायचे. पहिल्या वर्षी मदतनीस लिहिलं ते खरंच होतं. पुढे ते मागच्या वर्षीचा कागद बघून नवा भरायचे. मध्ये एकदा मुंगीने विचारलं होतं, की तंत्रज्ञाची परीक्षा असते ती मी देऊ का. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले होते ते. तिने परीक्षा दिली असती तर तिचं नाव यादीत वर गेलं असतं, मग कुठल्यातरी मोठ्या लॅबने तिला पळवलं असतं. हे त्यांनी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं नाही आणि त्यांना हायसं वाटलं, एवढं मात्र त्यांना आठवत होतं.

"मास्तर," मुंगी म्हणाली, "मला जास्तीचं काही नको. आहे ते लिहा."

"लिहिलं होतं की."

"मदत करते असं लिहिलंय. मी कुणाला मदत करते?"

आवाज चढलेला नव्हता. मास्तर म्हणाले, बघतो, विचार करून लिहितो, कायद्याचं काम आहे. ती परत जागेवर गेली. त्या दिवशी तिने तीन कॅप पूर्ण केल्या आणि मास्तरांनी तीन चिठ्ठ्यांवर सह्या केल्या.

दिवस जायला लागले. पाचव्या दिवशी मास्तरांनी सांगितलं, खालचा छापखानेवाला गावाला गेलाय, तो आला की टाइप करून घेऊ. आठव्या दिवशी त्यांना ताप आल्यासारखं वाटलं. मुंगीने एकदाही तगादा लावला नाही. ती यायची, दिवा लावायची, काम करायची. फक्त पूर्वी ती काम करताना गुणगुणायची, ते थांबलं होतं. मास्तरांना आजवर कधी जाणवलंही नव्हतं की ती गुणगुणते.

बाराव्या दिवशी बायकोने विचारलं, पोरीचा कागद दिलात का. मास्तर म्हणाले, एवढं सोपं नाही ते. नोंदणी कार्यालयाने विचारलं तर दंड होईल. डॉक्टर मंडळींना काय वाटेल. चाळीस वर्षांचं नाव आहे.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तिला अडवायचं असेल तर तोंडाने अडवा. जाऊ नकोस म्हणा, मला तुझ्यावाचून जमत नाही म्हणा. ती थांबेल नाहीतर जाईल. पण असं कागदाआड लपून अडवू नका."

"मी अडवत नाहीये."

"मग काय करताय?"

मास्तरांनी पेपर उघडला. पेपर हातात थरथरला आणि शांत खोलीत त्याचा आवाज झाला. त्यांनी तो घडी करून ठेवला.

रविवारी सकाळी ते एकटेच लॅबवर गेले. छापखाना बंद होता, जिन्यावर शाईचा वास तेवढा होता. आतल्या खोलीत भिंतीला लागून फळ्या होत्या आणि फळ्यांवर जुने साचे. माणसांचे प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलने तारीख. नियमाने ते पाच वर्षं ठेवायचे, पण मास्तर एकही टाकत नसत. बायको म्हणायची, इतक्या जणांनी तुमच्याकडे दात विचकलेत तरी तुम्हाला हसू येत नाही.

खुलाशात तारखा लागणार होत्या. म्हणून ते साचे काढून बघत बसले. काही कॅप दुरुस्तीसाठी परत येऊन तिथेच राहिल्या होत्या, काहींच्या चाचणीसाठी केलेल्या प्रती साच्यावर तशाच बसवलेल्या होत्या. स्वतःचं काम त्यांना लगेच ओळखू आलं. त्यांचे दात देखणे असायचे, जरा जास्तच देखणे, सगळे एका उंचीचे. मुंगीच्या दातांना वय होतं. साठीच्या माणसाचा दात ती कडेला किंचित झिजलेला करायची, मधोमध केसाएवढी पिवळी रेष सोडायची. एका साच्यात शेजारचा खरा दात थोडा फिरलेला होता, तर तिने आपलाही तेवढाच फिरवला होता. हे तिला कुणी शिकवलं? मास्तरांनी आठवून बघितलं. त्यांनी नव्हतं शिकवलं. त्यांना हे येतच नव्हतं. हात चांगला होता तेव्हासुद्धा.

ते खुर्चीवर टेकले. आपला हात गेला म्हणून ती पुढे आली, असं त्यांनी सहा वर्षं धरलं होतं. पण साच्यांवरच्या तारखा वेगळंच सांगत होत्या. त्याच्याही तीन वर्षं आधीचे दोन-तीन दात तिचे होते. काम फार साचलं म्हणून तिच्याकडे दिलेले. ते तेव्हाच त्यांच्यापेक्षा सरस होते, आणि त्यांनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं.

दुपारपर्यंत त्यांनी खुलासा लिहिला. हाताने, कारण टाइप करायला दुसऱ्या कुणाला द्यायची त्यांना लाज वाटली. अक्षर वाकडंतिकडं झालं होतं, पण वाचता येत होतं.

"ही व्यक्ती माझ्याकडे सोळा वर्षे आहे," त्यांनी लिहिलं होतं. "पहिली चार वर्षे तिने मदतनीस म्हणून काम केले. नंतर ती शिकली. गेली सहा वर्षे माझ्या प्रयोगशाळेतून बाहेर गेलेला सिरॅमिकचा प्रत्येक दात तिने एकटीने केलेला आहे. माझा उजवा हात थरथरत असल्याने मी या काळात असा एकही दात केलेला नाही. कामाच्या चिठ्ठ्यांवर सही माझी आहे. कामगारांच्या यादीत तिचे पद मी बदलले नाही, ही चूक माझी आहे, तिची नाही. तिने परीक्षेबद्दल विचारले असता मी टाळाटाळ केली. तिचे काम माझ्या कामापेक्षा चांगले आहे."

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते खोडायचा विचार केला. कुणी विचारलं नव्हतं. मग राहू दिलं.

सोमवारी ते कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. सर्वांत जास्त काम त्यांच्याकडून यायचं. बाई पन्नाशीच्या, कामाला चोख, बोलायला त्याहून चोख. रुग्ण संपेपर्यंत मास्तर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत बोलावल्यावर त्यांनी काही न सांगता कागद पुढे केला.

बाईंनी तो एकदा वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला.

"माझ्या वडिलांचे समोरचे चार दात," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वीचे."

"तिचे."

"ते करताना तुम्ही मला फोन केला होतात. छटेबद्दल अर्धा तास बोललो आपण."

"ती शेजारी बसून सांगत होती. मी तुम्हाला सांगत होतो."

बाईंनी मोजे काढून टोपलीत टाकले. त्या चिडल्या होत्या, पण रागावर त्यांचा ताबा होता, आणि तो बघणं मास्तरांना जास्त अवघड गेलं. त्या म्हणाल्या, "मी लोकांना तुमचं नाव सांगते, मास्तर. हे दात कुणी केले असं विचारतात तेव्हा."

"माहीत आहे मला."

"मी बघितलेलं नाही ते मी लिहून देऊ शकत नाही. कागद ठेवून जा."

मास्तर लॅबवर परत येईपर्यंत चार वेळा त्यांच्या मनात आलं की सगळं बुडालं. लपवलं तेव्हा तिचं नुकसान केलं आणि खरं सांगितलं तेव्हाही तिचंच. मुंगीला त्यांनी सांगितलं, कागद बाईंकडे दिलाय. बाई सही करतील का, याबद्दल ते काही बोलले नाहीत. तिने खुलासा वाचायला मागितला. दुसरी प्रत त्यांनी करून ठेवली होती, ती दिली. ती खिडकीकडे तोंड करून वाचत होती. पाठमोरी होती म्हणून तिचा चेहरा दिसला नाही. मग ती टाकीशी गेली, बराच वेळ वाट्या धूत राहिली. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

बुधवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, मास्तरांना नाही, मुंगीला. सामान घेऊन दवाखान्यात ये, म्हणाल्या. तिथे खुर्चीत एक तरुण शिक्षिका बसली होती, पडून समोरचा एक दात निम्मा तुटलेली. बाईंनी मुंगीला सांगितलं, हिची छटा तू घे, दात तू कर, उद्या-परवा दोन्ही दिवस इथल्या मागच्या खोलीत बसून कर. मी येऊन-जाऊन बघणार. भट्टीसाठी तेवढं मास्तरांकडे जा, मी सोबत येते.

हे सगळं मुंगीने मास्तरांना नंतर सांगितलं. पहिल्या दिवशी बाई नुसत्या येऊन बघून जात होत्या. दुसऱ्या दिवशी दोघी भट्टीसाठी लॅबवर आल्या. सोळा वर्षांत डॉक्टरीणबाई हा जिना पहिल्यांदाच चढत होत्या. त्यांनी दोन टेबलं बघितली. एकावर ब्रश ओले, रांगेत लावलेले. दुसऱ्यावरचे कोरडे, केस फिसकटलेले. मास्तर खुर्चीतून उठले तर बसा म्हणाल्या. दात भाजून निघाला, मुंगीने कड घासली, पुन्हा भाजला. बाईंनी तो तळहातावर घेऊन खिडकीशी नेला. त्या संध्याकाळी शिक्षिकेच्या तोंडात दात बसला, तिने आरशात बघितलं आणि विचारलं, यातला नवा कुठला?

बाईंनी तिथेच बसून पत्र लिहिलं. मुदत संपायला दोन दिवस होते.

निघताना त्यांनी मास्तरांना फोन करून सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून सिरॅमिकचं काम त्या दुसरीकडे देतील. "रागाने नाही," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "थोडंसं रागानेही. पण मुळात ज्या हातासाठी मी काम पाठवत होते, तो चाललाय. कवळ्या पाठवत राहीन." मास्तर म्हणाले, बरोबर आहे.

कागद गेले. त्यानंतर नवव्या दिवशी व्हिसा कार्यालयातून फोन आला. बोलणारा माणूस तरुण वाटत होता आणि यादीतले प्रश्न वाचून विचारत होता. हे पत्र तुम्हीच लिहिलं का? अक्षर असं का? दबावाखाली लिहिलं नाही ना? मास्तर उभे राहूनच बोलत होते. मुंगी समोर बसली होती आणि हातातला ब्रश तिने खाली ठेवला होता.

"अर्जदार कुणाच्याही देखरेखीशिवाय काम करू शकते का?" पलीकडून विचारलं गेलं.

"साहेब, सहा वर्षं देखरेख तीच करतेय," मास्तर म्हणाले. "माझ्यावर."

पलीकडचा माणूस हसला, आणि लगेच सावरून म्हणाला, हे मी फक्त 'होय' असं लिहितो.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. मुंगीने तो मास्तरांच्या टेबलावर उघडून ठेवला. पानभर चिकटवलेला कागद होता, त्यावर तिचा फोटो. फोटोत ती कुणावर तरी रागावल्यासारखी दिसत होती. कारण विचारल्यावर म्हणाली, हसायचं नाही असा नियम आहे, दात दिसता कामा नयेत. यावर मात्र दोघांना हसू आलं, आणि मास्तरांना ते आवरता आवरेना.

हसणं ओसरल्यावर मास्तर म्हणाले, "तुला राग आला असेल माझा."

"पहिला दाखला वाचला तेव्हा आला होता. संध्याकाळी जाताना जिन्यातच फाडून टाकावासा वाटला."

"मग?"

"फाडला असता तर पुन्हा मागायला तुमच्याकडेच यावं लागलं असतं." तिने पासपोर्ट मिटला. मग म्हणाली, "राग परीक्षेचा आहे, मास्तर. तो अजून आहे. जाईल की नाही माहीत नाही."

मास्तरांनी मान हलवली. माफ कर म्हणणं त्यांच्या तोंडाशी आलं होतं, पण ते म्हटलं की लगेच तिला काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि तेवढंही ओझं तिच्यावर टाकायचं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, "असू दे. हक्काचा आहे."

महिनाअखेरपर्यंत ती कामाला येत राहिली. हातातली सगळी कामं तिने पुरी केली. चिठ्ठ्यांवर आता ती स्वतःच सही करत होती, आणि पहिल्या चार-पाच सह्या तिने इतक्या बारीक केल्या की मास्तर म्हणाले, अगं, वाचायला भिंग द्यावं लागेल. जाण्याच्या आदल्या दिवशी मास्तरांची बायको येऊन तिला एक गरम कोट देऊन गेली. आईला बहिणीकडे सोडून आल्यामुळे मुंगीचे डोळे सुजले होते. बायकोने तिला पोटाशी धरलं. मास्तर बाजूला उभे राहून कोटाची बटणं नीट शिवलीत का ते बघत राहिले.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. नोंदणी कार्यालयाने मास्तरांना एक ताकीद दिली आणि यादी दुरुस्त करून घेतली. आणखी दोन डॉक्टरांनी काम कमी केलं, एकाने उलट वाढवलं. मास्तरांनी सिरॅमिकचं काम बंद केलं आणि फक्त कवळ्या ठेवल्या. कवळीत मेण असतं, मेण माणसाला चुकू देतं आणि पुन्हा वितळवू देतं. कोपर टेबलाला घट्ट टेकवून, मनगटाला आधार देऊन त्यांना ते जमत होतं. पूर्वी दिवसाचं काम होतं त्याला आता दोन दिवस लागायचे. हाताचं दुखणं एकदा कागदावर आल्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायकोने एका सकाळी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात. मास्तरांनी बायकोकडे बघितलं, आणि तिने त्यांच्या वतीने उत्तर दिलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. थोडा फरक पडला, थोडा नाही.

मुंगीचा फोन साधारण दोन महिन्यांनी आला, रविवारी दुपारी. लॅब मोठी आहे, म्हणाली, चाळीस माणसं, सगळ्यांना एकसारखे पांढरे कोट. तिच्या वरची बाई तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. भाषा समजते, पण लोक चेष्टा करतात ती समजत नाही, मग ती सगळ्यांबरोबर हसते. संध्याकाळी खोलीवर आल्यावर कुणाशी बोलायचं हा प्रश्न असतो. मग म्हणाली, पहिले तीन दात परत आले.

"परत? तुझे?" मास्तर ताठ बसले.

करडे दिसतात म्हणाले, ती म्हणाली. छटा तिने अगदी नीट घेतली होती. तीन वेळा तपासली होती. तिच्या आवाजात असं काही होतं, जे मास्तरांनी सोळा वर्षांत ऐकलं नव्हतं. ती घाबरली होती.

मास्तरांनी विचारायला सुरुवात केली. खिडकी कुठल्या दिशेला आहे? भिंतींचा रंग काय? छटा कितीला घेतेस? ती सांगत गेली. सकाळी नऊला घेते, पण नऊला तिथे नुकतं उजाडलेलं असतं, ऊन असं नसतंच, सगळा उजेड निळसर. मास्तर डोळे मिटून ती खोली बघायचा प्रयत्न करत होते. त्यांनी तो देश पाहिला नव्हता, पाहण्याची शक्यताही नव्हती. पण निळसर उजेडात दात कसा दिसेल ते त्यांना दिसू लागलं. ते म्हणाले, तुझा डोळा इथल्या उन्हाचा आहे. त्याला तिथला व्हायला वेळ लागेल. तोवर दिव्याखाली बघ, आणि एकदा बघून लगेच मान फिरव. फार वेळ टक लावलीस की डोळा फसवतो.

"तसंच करते," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी असं झालं होतं?"

मास्तरांनी सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायला घेतली. एका गायिकेच्या सुळ्याची, जो चार वेळा परत आला होता. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. बायको आतून आली, आज अर्धा नव्हे, भरलेला कप त्यांच्यासमोर ठेवायला गेली आणि थांबली. मास्तरांनी फोन डाव्या हातात घेतला, उजवा पुढे केला आणि गोष्ट पुढे सांगत राहिले.